जॅझचा अल्बम: सुरुवातीची धून संपली की मी हरवते. नीट कसं ऐकायचं?

स्वरगंधा:
घरात ख्याल-ठुमरीच ऐकत वाढले. भावाने माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' ऐकायला दिला. पहिल्याच 'सो व्हॉट'ची सुरुवात फार आवडली, पण ती धून संपून ट्रम्पेट एकटं वाजू लागलं की काही धरता येत नाही. सम कुठली, हे लोक परत कुठे येणार, काहीच कळत नाही. जॉन कोलट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम'ही लावून पाहिला. त्यात मधल्या भागापर्यंत पोचण्याआधीच दमले. कामं करताना मागे वाजत ठेवायचं नाहीये, बसून ऐकायचंय. कुठून सुरुवात करू?

पेटी_मिरज:
कोलट्रेन थोडा थांबू दे. आधी 'सो व्हॉट' पुरतं ऐका, आणि पेटी असेल तर समोर घेऊन बसा. मी भजनांना साथ करतो, मला हे पेटीवरच उलगडलं.

धून वाजवतो तो बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य), वादक पॉल चेंबर्स. बाकीचे त्याला दोन ठोक्यांत उत्तर देतात. हे सगळं ३२ बारचं आहे, एका बारला चार मात्रा. पहिले १६ बार सा पांढरी दोन आणि सूर काफी थाटाचे. पुढचे ८ बार तोच थाट उचलून काळी दोनवर. शेवटचे ८ परत पांढरी दोनवर. धून संपली तरी हे आवर्तन थांबत नाही. माइल्स दोन आवर्तनं घेतो, मग कोलट्रेन दोन, कॅननबॉल अ‍ॅडरली दोन, आणि पियानोवर बिल एव्हान्स एक. मग धून परत येते.

आपल्या मैफलीत सा हलत नाही, म्हणून आपला कान त्याच्यावर पहारा ठेवत नाही. इथे सा हलतो, आणि वाट दाखवतो तोच. पेटीवर पांढरी दोन धरून ठेवा. ती एकदम टोचायला लागली की समजा काळी दोन आली, १६ बार संपले. टोचणं थांबलं की आणखी ८ बारांनी नवं आवर्तन.

आणि सम हवी होती ना? माइल्स धुनेच्या शेवटच्या बारमध्येच मुखडा धरतो, आणि नेमक्या पहिल्या मात्रेवर ड्रमवादक जिमी कॉबचं सिंबल (झांज) दणाणतं. त्याचा नाद किती वेळ विरत राहतो ते ऐका. अख्ख्या रेकॉर्डवर माझी सर्वांत लाडकी जागा आहे ती.

एक सांभाळा. जुनी एलपी असेल तर पेटीशी सूर जुळणार नाही. २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये ही पहिली बाजू ध्वनिमुद्रित झाली तेव्हा टेपचं यंत्र किंचित हळू चाललं होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगात वाजवल्यावर सूर चढतो, आणि त्या बाजूच्या तिन्ही रचना वर्षानुवर्षं तशाच थोड्या चढ्या सुरात विकल्या गेल्या. नव्वदच्या दशकात निघालेल्या आवृत्त्यांत ते दुरुस्त केलंय.

एलपीप्रेमी:
वरचं मनापासून पटलं. त्यानंतर बिल एव्हान्सचाच 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' घ्या, २५ जून १९६१चा. प्रत्यक्ष क्लबमधला आहे, पेल्यांची किणकिणसुद्धा ऐकू येते. यात स्कॉट लाफारोचा बास ठेका धरून मागे बसत नाही, पियानोशी बरोबरीने बोलतो. पहिली आणि शेवटची रचना त्याचीच. अकरा दिवसांनी मोटार अपघातात तो गेला, वय २५. एकदा अख्खी रेकॉर्ड फक्त बाससाठी ऐका. यादीतून सुटी गाणी ऐकलीत तर हे हाती लागत नाही.

लयवेध:
कोलट्रेनसाठी एक सुचवतो: 'अ लव्ह सुप्रीम' शेवटून ऐका. चौथ्या भागाला, 'साम'ला (Psalm, म्हणजे स्तोत्र), बांधलेला ठेकाच नाही. ड्रमवादक एल्विन जोन्स टिंपनी (नगाऱ्यासारखं वाद्य) घुमवतो आणि सॅक्सोफोन आलापासारखा संथ जातो. कोलट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना अल्बमच्या वेष्टनात छापली आहे, सॅक्सोफोन तीच शब्दाशब्दाने म्हणतो. ती समोर ठेवून ऐका. मग पहिल्या भागाकडे या. तिथे बासची चार सुरांची ओळ आहे, कोलट्रेन तीच उचलून बाराही सुरांवर फिरवतो. ओळ ओळखीची झाली की तो कल्लोळ वाटत नाही.

स्वरगंधा:
पेटी घेऊन बसले. काळी दोन स्पष्ट कळते! माइल्सची दोन्ही आवर्तनं धरता आली. पण पुढे दोन सॅक्सोफोन लागोपाठ येतात, त्यातला कोलट्रेन कुठला हे कसं ओळखायचं?

पेटी_मिरज:
आधी येतो तो कोलट्रेन, टेनर सॅक्सोफोन. आवाज भारदस्त, थोडा कोरडा, आणि एकच स्वराकृती तो उलटसुलट करून तपासत राहतो. कॅननबॉलचा ऑल्टो वरच्या पट्टीतला आहे, लवचिक, ब्लूजच्या मींडेने भरलेला. दोघांमधला सांधा दोन-तीनदा मागे घेऊन ऐका.