हार्ट अटॅकनंतर शरीरातले स्टेम सेल हृदय परत भरून काढतात का? बाबांसाठी विचारतेय

कुळागरातली:
नमस्कार मंडळी, फोंड्याच्या बाजूची आहे. शिमग्याच्या आदल्या आठवड्यात बाबांना अटॅक आला, वय ६२, सकाळी पोफळींना पाणी सोडत होते, घाम फुटला आणि छाती आवळल्यासारखी झाली, आम्ही गॅस समजून सोलकढी दिली आणि त्यात एक तास गेला, ते अजून मनातून जात नाही. मग १०८ ने जवळच्या हॉस्पिटलात, तिथे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं, तिथून बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, एंजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. घरी सोडताना इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा, ३५.

आता तीन आठवडे झालेत. मावसभावाने जाहिरात पाठवलीय की अमुक कॅप्सूल घेतल्या की बोन मॅरोतले (हाडांच्या मगजातले) स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनतात त्या पेशी, रक्तात वाढतात आणि मेलेल्या जागी नवीन स्नायू येतो. आणि राज्याबाहेर एका क्लिनिकमध्ये स्वतःच्याच मॅरोतल्या पेशी काढून परत टोचतात म्हणे, खर्च लाखांत. आई बांगड्या मोडायला निघालीय. खरंच असं होतं का शरीरात?

म्हापश्याचा मास्तर:
ताई, बारावीला बायॉलॉजी शिकवतो, डॉक्टर नाही. जाहिरातीतलं अर्धं खरं आहे म्हणूनच माणूस फसतो. अटॅक आला की मार बसलेल्या जागेतून रक्तात रासायनिक निरोप जातात, आणि मॅरोतून स्टेम सेल खरंच बाहेर पडतात, पहिल्या काही दिवसांत ते रक्तात वाढलेले मोजता येतात. पण तिथे पोचून ते हृदयाचा स्नायू बनत नाहीत. नवीन बारीक रक्तवाहिन्या तयार व्हायला, सूज आवरायला, व्रण घट्ट बांधायला हातभार लावतात, एवढंच.

मोठ्या अटॅकमध्ये १०० कोटीपर्यंत स्नायूपेशी मरू शकतात. आणि हृदय स्वतः नवीन किती करतं ते स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटने २००९ साली दाखवलं, काय डोकं लावलंय बघा, १९५०-६० च्या काळात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ (किरणोत्सर्गी कार्बन) वाढला होता, तो पेशीच्या डीएनएत बसतो, त्यावरून पेशी कधीची आहे ते कळतं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. झेब्राफिश नावाचा मासा हृदयाचा पाचवा भाग कापला तरी परत वाढवतो, आपल्याला ते जमत नाही.

ही आशा मुळात २००१ च्या उंदरांवरच्या कामातून पसरली, मॅरोच्या पेशी हृदयाचा स्नायू होतात असा दावा होता, दुसऱ्या लॅबना तसं काही दाखवता आलं नाही. पुढे त्याच गटाच्या प्रमुखाच्या ३१ पेपरांमधला डेटा खोटा असल्याचं म्हणत २०१८ साली, तो जिथे आधी काम करायचा त्या अमेरिकेतल्या हार्वर्डनेच ते मागे घ्यायला सांगितले. मला याची चीड येते, कारण मधल्या वर्षांत किती पेशंटनी त्यावर भरवसा ठेवला असेल. मॅरोच्या पेशी टोचायची युरोपातली मोठी ट्रायल बामी, ३,००० पेशंट घ्यायचे होते, जमले ३७५, फायदा सिद्ध झालाच नाही.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (केंद्र सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या नियमांत रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं मॅरो ट्रान्सप्लांट सोडून बाकी सगळं ट्रायलमध्येच करायचं असतं, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. लाखांत मागतायत तिथेच ओळखा.

साखळीकरीण:
बाय, घाबरू नकोस. आमच्या ह्यांचा ईएफ ३२ होता, तीन महिन्यांनी ४६ आला, कसलीच कॅप्सूल नाही. डॉक्टर म्हणाले सगळा स्नायू मेलेला नसतो, काही भाग नुसता बधिर झालेला असतो, रक्त परत मिळालं की हळूहळू जागा होतो. आम्ही गोळ्या एक दिवस चुकवल्या नाहीत, पहिल्यांदा अंगणातच फेऱ्या, मग देवळापर्यंत, मग पुढच्या वाड्यापर्यंत, दर आठवड्याला थोडं वाढवत. खारं आणि लोणचं बंद केलं, त्यावरून महिनाभर भांडण चाललं घरात. पोफळीवर चढणं, पंप उचलणं मात्र आता गड्याला सांगा.

वॉर्डातली सिस्टर:
वरचं बरोबर आहे. दोन गोष्टी जोडते. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या स्वतःहून बंद करू नका, बरेचदा वर्षभर चालतात, आणि त्यांच्यासोबत अशा कॅप्सूल डॉक्टरला न विचारता तर मुळीच नकोत, रक्तस्रावाचा धोका असतो. दुसरं म्हणजे आत्ताचा ३५ हा शेवटचा आकडा नव्हे. स्टेंटनंतर साधारण तीन महिन्यांनी इको परत करतात, तेव्हाही ३५ किंवा खाली राहिला तर ठोके जीवघेणे बिघडले की झटका देऊन सावरणारं मशीन छातीत बसवायचं का ते ठरवतात. रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं पडल्यावर दम लागला तर वाट बघू नका. आणि तो एक तास मनाला लावून घेऊ नका हो, गॅस समजून थांबलेली माणसं आम्ही रोज बघतो.

कुळागरातली:
सगळ्यांचे खूप आभार. मास्तरांचं आईला वाचून दाखवलं, कार्बनचं तिला कळलं नाही पण पैसे घ्यायचे नसतात हे बरोबर कळलं, बांगड्या परत कपाटात गेल्या. बाबा आज विहिरीपर्यंत दोनदा जाऊन आले, दम नाही लागला. वजनकाटा उद्या फोंड्याहून आणते. दुसऱ्या इकोचा आकडा आला की इथेच लिहीन.