लाईट बिल शून्य, पण सिलिंडर उसनवारीचा : सवलत नक्की कुठं द्यायला हवी?

वडगावची गृहिणी (धागा सुरू करणारी)

ऑगस्ट 2023 पासून बेळगावात आमच्या घरी गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत, उन्हाळा सोडला तर, शून्य बिल येतंय आणि त्याचा उपयोग झाला हे आधीच सांगते. पण गेल्या आठवड्यात सिलिंडर संपला तेव्हा शेजारच्या काकूंकडून पाचशे रुपये घ्यावे लागले. त्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. दोन खोल्यांच्या घरात विजेचा खर्च तो किती? दोन पंखे, तीन ट्यूब, टीव्ही, मिक्सर. योजना नसती तरी पाचशे-सहाशेच्या घरात बिल आलं असतं. गॅस मात्र पाच माणसांत पस्तीस दिवस पुरतो आणि घरपोच नऊशेच्या आसपास पडतो. म्हणजे मोठा खर्च तसाच राहिला आणि लहान खर्च माफ झाला.

दुसरी गोष्ट. 200 युनिट फुकट म्हणतात, पण मला 68 युनिटच आहेत. 2022-23 ची सरासरी 62 होती, त्यावर दहा टक्के. त्या वर्षी सासूबाई गावाकडं होत्या, धाकटा जन्माला यायचा होता. आता घरात दोन माणसं वाढलीत, पण हिशेब अजून त्याच वर्षाचा. ज्यांनी त्या वर्षी 170 युनिट जाळली त्यांना 187 आणि आम्ही दिवे बंद करत राहिलो म्हणून आम्हाला 68. हे मला पटत नाही.

माझी मागणी साधी आहे. सरासरी काढून टाका आणि लहान घरांना पूर्ण 200 युनिट द्या. त्यात आम्ही स्वयंपाक विजेच्या इंडक्शन शेगडीवर करू, मग गॅसवर मदत मागायलाच नको. ते जमत नसेल तर वर्षाला तीन सिलिंडर तरी द्या. वेंगुर्ला रस्त्यानं तुरमुरी, बाची संपली की शिनोळी लागते. तिथं माझी धाकटी बहीण दिली आहे. तिला महाराष्ट्राच्या अन्नपूर्णा योजनेत तीन सिलिंडरचे पैसे मिळाले. एका आईच्या दोघी लेकी, मधे फक्त राज्याची हद्द.

निपाणीचे निवृत्त शिक्षक

ताई, तुमची अडचण खरी आहे, पण मागणीला माझा विरोध आहे.

गॅसचा दर बेंगळुरूला ठरत नाही. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, सौदी अरेबियाचे दर हलले की आपले हलतात, आणि घरगुती सिलिंडर कितीला विकायचा ते दिल्ली आणि तेल कंपन्या ठरवतात. सगळ्यांच्या खात्यात येणारं अनुदान 2020 मध्ये थांबलं. ऑगस्ट 2023 मध्ये 200 रुपये, मार्च 2024 मध्ये 100 रुपये उतरले, ते दोन्ही निर्णय केंद्राचे. एप्रिल 2025 मध्ये 50 रुपये वाढले, तेही तिथूनच. वीज राज्याच्या हातात आहे, म्हणून राज्यानं विजेवर सवलत दिली. ज्याच्या हातात जे आहे तेच तो देणार.

आता सरासरीचं. सगळ्यांना सरसकट 200 दिले तर 80 युनिट वापरणारं घर 190 वर जाईल. दीड कोटीहून जास्त घरं या योजनेत आहेत. ती वाढलेली वीज कुठून आणायची आणि पैसे कुणी भरायचे? एप्रिल 2025 मध्ये वीज कर्मचाऱ्यांच्या पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी युनिटमागं 36 पैसे अधिभार लागला. तो मी भरतो, माझ्या घराशेजारचा पिठाच्या गिरणीवाला भरतो. पुढं आणखी काही लागलं तर तेही आम्हीच भरणार. शिवाय घरातल्या बाईला मिळणारे गृहलक्ष्मी योजनेचे महिना 2000 रुपये आहेतच. त्यातून सिलिंडर येतो.

खानापूरच्या जंगलभागातला

सर, तुमचं शहरातलं गणित झालं. आमच्याकडं जांबोटीच्या वर पाऊस लागला की झाड पडतंय, तार तुटतीया आन दोन-दोन दिवस लाईट न्हाई. ताई, तुम्ही इंडक्शनचं काय सांगूलासा? आमच्या घरात चूल पेटली न्हाई तर भात न्हाई.

माझ्या आईच्या नावावर उज्ज्वलाचं कनेक्शन हाय. 300 रुपये खात्यात परत येतात, 2025-26 ला नऊ सिलिंडरांपर्यंत. पण आदी पुरे पैसे मोजायचे, मग परत यायचे. हातात नऊशे रुपये एकदम कुठनं आणायचे? म्हणून आम्ही वर्षाला तीन-चारच घेतो. पावण्यारावळ्यांच्या चहाला गॅस, बाकी सगळं लाकडावर. आईचे डोळे धुरानं लाल झालेले मी लहानपणापासनं बगतोय. नऊचा आकडा आमच्यासाठी कागदावरच हाय. सिलिंडर आणून देतात तेव्हाच 300 कमी करून घ्या, एवढी एकच गोष्ट केली तरी आमची चूल निम्मी विझंल.

अनगोळचा वायरमन

वीस वर्षं याच कामात आहे, म्हणून इंडक्शनचा हिशेब नीट मांडतो.

एका 14.2 किलोच्या सिलिंडरवर जेवढा स्वयंपाक होतो, तेवढा इंडक्शनवर करायला ढोबळमानानं सव्वाशे युनिट लागतात. गॅसची बरीच उष्णता भांड्याच्या बाजूनं उडून जाते, इंडक्शनवर ती कमी वाया जाते, हे सगळं धरून. वहिनींचा सिलिंडर पस्तीस दिवस जातो, म्हणजे महिन्याला 107 युनिट. आताचा वापर 70 धरला तर एकूण 177. त्यातली 68 माफ, उरली 109. 2025-26 चा युनिटचा दर 5.80, वर अधिभार आणि नऊ टक्के कर, म्हणजे पावणेसातच्या आत-बाहेर. 109 युनिटांचे सव्वासातशे ते साडेसातशे झाले. तेवढ्याच दिवसांचा गॅस पावणेआठशेचा. वाचले पंचवीस-पन्नास रुपये.

पण उन्हाळा येऊ दे. एप्रिल-मेमध्ये पंखे रात्रभर चालतात, वापर 95 वर जातो. 95 आणि 107 मिळून 202. दोनशेची रेषा ओलांडली की माफी पूर्ण गेली, पहिल्या युनिटापासून बिल. साडेतेराशे रुपये आणि वर फिक्स्ड चार्ज. दोन युनिटांसाठी सहाशेचा खड्डा. म्हणून माझ्याकडं विचारायला येणाऱ्यांना मी सांगतो, एप्रिल-मेमध्ये इंडक्शन कपाटात ठेवा.

अजून एक. वडगाव, खासबागच्या जुन्या घरांत सँक्शन लोड, म्हणजे मंजूर वीजभार, एक किलोवॅटचा असतो. इंडक्शन दोन हजार वॅटची. वायर जुनी, अर्थिंग बऱ्याच ठिकाणी नावालाच. लोड वाढवून घेतला तर फिक्स्ड चार्ज किलोवॅटमागं वाढतो. आणि सगळ्या गल्लीनं सकाळी सात वाजता इंडक्शन लावली तर कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर तग धरणार नाही. वहिनींची मागणी मान्य करायची तर आधी तारा आणि ट्रान्सफॉर्मर बदलावे लागतील. तो खर्च या चर्चेत अजून कुणी धरलेला नाही.

शिनोळीची धाकटी

अक्कानं माझं नाव काढलं म्हणून लिहिते. तीन सिलिंडर 2024 च्या योजनेतले, खरं आहे. पण गॅस बाईच्या नावावर पाहिजे, एका रेशनकार्डावर एकीलाच, आणि पैसे आधी आपण भरायचे. माझ्या जाऊबाईंचं कनेक्शन दिरांच्या नावावर होतं, त्यांना काही मिळालं नाही. आणि वर्षाचे तीन सिलिंडर म्हणजे तीन-साडेतीन महिने. उरलेले महिने मी पण अक्कासारखीच मोजून वापरते.

लाईट बिल मात्र आम्हाला दर महिन्याला भरावं लागतं. शंभर युनिटांच्या वर गेलं की दर चढतो, वहन आकार वेगळा, त्यावर सोळा टक्के वीज शुल्क. अक्काचं वर्षभरात जेवढं बिल माफ होतं, त्याचे पैसे जोडले तर माझ्या तीन सिलिंडरपेक्षा ते जास्त भरतील. तिला माझं बरं वाटतं, मला तिचं.

टिळकवाडीतला पाइप गॅसवाला

आमच्या गल्लीत पाइप गॅस आलाय. जेवढा वापरला तेवढंच बिल, एकदम नऊशे काढावे लागत नाहीत, सिलिंडर संपण्याची धास्ती नाही. सरकारनं पैसे वाटण्यापेक्षा ही पाइप वडगाव-शहापूरच्या बोळांत न्यावी.

कॉलेज रोडला मेस चालवणारी

घरगुती गॅसवर पाच टक्के जीएसटी, माझ्या 19 किलोच्या सिलिंडरवर अठरा टक्के. दर महिन्याच्या एक तारखेला नवा दर. चंदगड, खानापूरची पोरं माझ्याकडं जेवतात, त्यांच्या घरी सवलत मिळते आणि इथं मी ताटाचे पैसे वाढवते. हा मुद्दा घरगुती बिलाचा नाही हे कळतं, पण शेवटी पैसे त्याच आईबापांच्या खिशातून जातात.

वडगावची गृहिणी

वायरमनदादा, तुमचा हिशेब मी वहीत उतरून घेतला. तारांचं आणि ट्रान्सफॉर्मरचं माझ्या डोक्यात नव्हतं, ते मान्य. खानापूरच्या दादांचं ‘तीनशे आधीच कमी करा’ हे तर माझ्या मागणीपेक्षा चांगलं आहे.

पण सर, दोन गोष्टींत मी मागं येणार नाही. गृहलक्ष्मीचे 2000 सिलिंडरला वापरा म्हणता. ते पैसे मुलीच्या फीला आणि सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांना जातात. एकच नोट चार ठिकाणी दाखवता येत नाही. आणि सरासरीचं तुमचं उत्तर मला अजून पटलेलं नाही. उधळपट्टी थांबवायची म्हणून सरासरी लावली म्हणता. मग 187 युनिट माफ असलेल्या घरानं कोणती काटकसर केली? 48 युनिटांच्या आतल्या घरांना पुढं दहा टक्क्यांऐवजी दहा युनिट जास्तीची दिली, म्हणजे नियमात चूक होती हे सरकारलाही दिसलं. मग आमच्यासारख्या साठ-सत्तर युनिटांच्या घरांनी काय केलं? घरात माणसं किती आहेत हे रेशनकार्डावर लिहिलेलं असतं, त्यावरून युनिट ठरवा.

निपाणीचे निवृत्त शिक्षक

रेशनकार्डावरची माणसं धरावीत, हे मला मान्य आहे. 2022-23 चं एक वर्ष कायमचं धरून ठेवणं चूकच आहे. लेक सासरी गेली, सून घरात आली, घर बदलतं. पण सरसकट 200 ला माझा विरोध कायम. आणि ताई, 2000 बद्दल मी घाईनं लिहिलं. माझ्या पेन्शनीतून गोळ्यांना किती जातात ते मला ठाऊक आहे.

अनगोळचा वायरमन

एक उपयोगाची गोष्ट सगळ्यांना. नवीन जोडणी घेतलेल्या घराला 53 ची सरासरी धरून 58 युनिट मिळतात. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आपलं आधार त्या घराच्या आर.आर. नंबरला (बिलावरच्या वीजजोडणीच्या नंबरला) जोडलंय का ते बघा. जुन्या घराला जोडलेलं तसंच राहिलं असेल तर आधी ते सोडवून घ्यावं लागतं, नाहीतर नव्या घरात पूर्ण बिल येतं. गेल्या महिन्यात माझ्या ओळखीच्या तीन घरांत हेच निघालं. बिल कन्नडमध्ये असतं, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि गॅसच्या पावतीवरच्या किमतीत घरपोच आणण्याचं शुल्क धरलेलं असतं. वर तीस-चाळीस रुपये कुणी मागितले तर पावतीवरचा आकडा दाखवा.

खानापूरच्या जंगलभागातला

आमच्याकडं गाडी गावापर्यंत येतच न्हाई. फाट्यावर उतरवतात, तिथनं खांद्यावर न्हाईतर मोटरसायकलवर. तरी पैसे तेवढेच.

वडगावची गृहिणी

दादा, मग घरपोचचं शुल्क तुम्ही कशासाठी भरता? गोदामातून स्वतः नेला तर सूट मिळते, तशी फाट्यावर उतरवला तरी मिळायला हवी. पावत्या जपून ठेवा.

वायरमनदादा, आमच्या गल्लीतल्या अकरा घरांची एप्रिल-मेची बिलं मी गोळा करून ठेवलीत. रविवारी दहानंतर मंगाई देवळाजवळ याल का? कुणाला किती युनिट माफ आहेत आणि घरात माणसं किती, हे आधी एका कागदावर उतरवू. माणसांवरून युनिट ठरवा असा अर्ज देऊ, तो कन्नडमध्ये लिहायला माझी मुलगी आहे, तिला शाळेत शिकवतात.

अनगोळचा वायरमन

येतो वहिनी. 2022-23 चं एखादं जुनं बिल कुणाकडं असेल तर तेही घेऊन यायला सांगा.