ऑटो शोमधल्या 'त्या' स्टॉलचे अनुभव

बरेच दिवस मनात होतं, आज धागा काढतोच.

एक कार कंपनी आहे. नाव मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. गाड्या उत्तम बनवते, माझी आधीची गाडी त्यांचीच होती, म्हणून तर जीव जळतो. तीन ऑटो शोंमध्ये मी मुद्दाम त्यांच्या स्टॉलवर गेलो आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आलो. एकदा गाडीला कुलूप होतं. एकदा गाडी उघडी, पण बॅटरी मेलेली, त्यामुळे आतला सगळा पडदा काळाठिक्कर.

शेवटच्या खेपेला तर कहरच. मला एवढंच बघायचं होतं, की नव्या मॉडेलमध्ये स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट देऊन बोळवण केलीय. डिकी उघडी होती. वाकून तळाची फळी उचलायला गेलो तेवढ्यात ब्लेझरवाला मुलगा धावत आला.

"सर, हात नका लावू."
"बरं, मग तूच सांग. स्टेपनी आहे का यात?"
"सर, आधी हा कोड स्कॅन करा."
"केला की कळेल?"
"केला की आमची टीम फोन करेल."

केला बाबा. चार दिवसांनी फोन आला, "सर, कोणत्या मॉडेलमध्ये इंटरेस्ट आहे?" मी स्टेपनीचं विचारलं. उत्तर: "त्यासाठी शोरूमला भेट द्यावी लागेल, सर." म्हणजे समोर गाडी, डिकी उघडी, मी वाकलेला, आणि फळी उचलून बघायला पुन्हा शोरूम!

तुमचे अनुभव लिहा. चांगले असले तरी लिहा. फक्त स्वतःचे हवेत, मित्राच्या मेहुण्याचे नकोत.

मधल्या सीटवरची

माझी गंमत ऐका. दोन मुलं, दोन चाइल्ड सीट, आणि मध्ये मी. आयुष्याची काही वर्षं अशीच जाणार हे मान्य केलंय. प्रश्न फक्त दोन सीटांच्या मध्ये माझी कंबर मावते का एवढाच होता. म्हणून घरची एक चाइल्ड सीट काखेत मारून शोला गेले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने ती तीनदा उलटीपालटी करून बघितली.

बाकी दोन स्टॉलवर लोकांनी आपणहून ती गाडीत बसवून दिली. इथे मात्र "प्रदर्शनातल्या गाडीत बाहेरची वस्तू ठेवता येणार नाही, मॅडम." ठीक आहे, नियम असेल. म्हटलं, निदान आयसोफिक्स कुठे आहे ते तरी दाखव. तिथली मुलगी म्हणाली, "ते काय असतं?"

मग मीच तिला सांगितलं. सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळते त्या फटीत बोटं घाल, लोखंडाच्या दोन कड्या लागतील, एकमेकींपासून २८० मिलिमीटरवर. हे अंतर आयएसओच्या मानकात ठरवलेलं आहे, म्हणून या कड्यांत अडकणारी चाइल्ड सीट एका कंपनीची आणि गाडी दुसरीची असली तरी सहसा जमतं. तिने बोटं घातली, कड्या लागल्या, आणि इतकी खूश झाली की बस! गुणी मुलगी, तिचा काही दोष नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

कंबरेचा प्रश्न अजून तसाच आहे.

डिकीतला पसारा

अगदी अगदी. मला अजून फोन येतात. दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन दीड वर्ष झालं, तसं चार वेळा सांगितलंही. पाचव्याने विचारलं, "मग सर, कधीपर्यंत घ्यायचा विचार आहे?"

काठीवाल्यांचा मुलगा

वडिलांचे गुडघे गेलेत. त्यांना गाडीचं बाकी काही नको असतं. सीट फार खाली नको, फार वर नको, बसताना टेकायला नीट मिळालं पाहिजे, झालं. हे माहितीपत्रकात कधीच नसतं. त्यासाठी बसूनच बघावं लागतं.

त्या स्टॉलला चांगला वीतभर उंच चौथरा. उतार कुठेच नाही. मी म्हटलं मी धरतो, पण त्यांनी मान हलवली. खालीच उभं राहून त्यांनी काठी चौथऱ्यावर टेकवली, उघड्या दारातून सीटच्या कडेला लावली आणि जिथे कड आली तिथे अंगठा धरला. मग तोच अंगठा धरून काठी स्वतःच्या मांडीशी लावून बघितली. "दोन बोटं खाली आहे," म्हणाले.

एवढ्यात मागून आवाज आला, "काका, जरा बाजूला व्हा ना, व्हिडिओ चालू आहे." एक जण गाडीभोवती फिरत शूटिंग करत होता आणि स्टॉलवरचे चौघेही त्याच्या दिमतीला. वडील बाजूला झाले. पूर्ण वेळ अंगठा मात्र काठीवरच होता.

भाड्याचा ब्लेझर

मी त्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिव्या घालायच्या तर घाला.

कॉलेजात असताना एका ऑटो शोला एजन्सीमार्फत काम केलं. कंपनी वेगळी होती, पण तऱ्हा हीच. स्टॉलवर दिसणारे बहुतेक जण कंपनीचे नसतातच. आमचं प्रशिक्षण एका सकाळचं: रंगांची नावं, टॅबलेट कसा धरायचा, जांभई आली तर कुठे जायचं. गाडीबद्दल अर्धं पान.

बॅटरीचं कोडं सोडवतो. हॉलमध्ये इंजिन चालू करत नाहीत, त्यामुळे बॅटरी भरण्याचा मार्गच नाही. दिवसभर दारं उघडी, दिवे चालू, आलेला प्रत्येक जण काचा खालीवर करणार. वेगळा चार्जर लावून ठेवला नाही तर बॅटरी मान टाकणारच. जो स्टॉल हे आधी ओळखतो त्याची गाडी शेवटच्या दिवशीही जिवंत असते. कुलपाचं कारण तुम्हा-आम्हातच आहे. गिअरच्या दांड्याची मूठ लोक खिशात घालून नेतात. आमच्याकडे एका दिवसात दोन गेल्या.

पण खरी गोम टॅबलेटमध्ये. आमचा हिशोब नंबरांवर चालायचा, किती जणांचे फोन नंबर घेतले एवढ्यावर. सुरुवातीला त्यात 'ग्राहकाचा प्रश्न' असा एक रकाना होता. तो भरायला वेळ लागतो, रांग वाढते, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तो काढून टाकला. त्यामुळे तुमची स्टेपनी, ताईंची कंबर, काकांची दोन बोटं, यातलं काही पुढे गेलंच नसणार. फोन करणाऱ्याच्या हातात फक्त दहा आकडे असतात.

आणि ज्याला सगळं येतं तो इंजिनिअर? तो होता की! पत्रकारांसाठीच्या दिवसांत. सर्वसामान्यांना दारं उघडली त्या सकाळी तो परत गेला.

जुना प्रेक्षक

वरचा प्रतिसाद वाचून बऱ्याच गोष्टी जुळल्या.

कंपन्या म्हणतात, ऑटो शो परवडत नाहीत, लोक सगळं ऑनलाइनच बघतात. मोठमोठे शो मोडकळीला आले हे खरंच आहे. जिनिव्हाचा शो १९०५ पासूनचा. २०२० मध्ये कोविडमुळे तोंडावर रद्द झाला, २०२४ मध्ये परतला तेव्हा मोजक्याच कंपन्या आल्या, आणि त्याच वर्षी आयोजकांनी जिनिव्हातला शो कायमचा गुंडाळला. फ्रँकफर्टचा २०२१ मध्ये म्युनिकला गेला आणि तिथे गाड्या हॉलबरोबर शहरातल्या चौकांतही मांडल्या.

पण ऑनलाइन काय दिसतं? आकडा. डिकी अमुक लिटर. युरोपात हा आकडा बऱ्याचदा २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे ठोकळे रचून काढतात, एक ठोकळा म्हणजे एक लिटर. कोनाकोपऱ्यात शिरलेले ठोकळेही त्यात धरतात. माझ्याकडे ठोकळे नाहीत, एक मोठी बॅग आहे. ती आडवी जाते का हे बघायलाच तर मी तिकीट काढून येतो. आलेल्या माणसाला 'कोड स्कॅन करा' सांगायचं आणि नंतर म्हणायचं शोचा उपयोग होत नाही!

संध्याकाळची पाळी

जरा उलटं लिहिते, राग मानू नका. मला याच कंपनीच्या स्टॉलवर चांगला अनुभव आला. शेवटचा दिवस, बंद व्हायला अर्धा तास. ब्लेझरवाले गेलेले. गाड्या परत न्यायला एक वयस्कर मेकॅनिक आले होते, अंगात निळा डगला. मी बॉनेटकडे बघतेय म्हटल्यावर त्यांनी आपणहून उघडून दिलं. पाणी कुठे, तेल कुठे, फ्यूज कुठे, आणि कुठला भाग काढायला आधी कुठला काढावा लागतो हेसुद्धा. नंबर मागितला नाही. गाडी मी घेतली.

आणि धागाकर्ते, माझी तीच गाडी आहे. स्टेपनी नाही. फळीखाली डावीकडे डब्यात पंप आणि सीलंटची बाटली आहे. बाटलीवर मुदत असते, ती संपली की बदलायची.

धागाकर्ता

घ्या! आभारी आहे. एकच विचारतो, फळीखाली खोबण केवढी आहे? स्टेपनी वेगळी विकत घेतली तर बसेल?

संध्याकाळची पाळी

आत्ता अंधार आहे. सकाळी टेप लावून सांगते.