मदत हवी आहे: तेलाचा थेंब देत नाही, तरी कोंबडीच्या पोटात एवढी चरबी?

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातला आहे. घरी अंड्यांच्या चाळीस कोंबड्या. मुंगूस लागलं आणि वर हा पाऊस, म्हणून जूनपासून सगळ्या जाळीच्या खुराड्यातच आहेत.

पंधरवड्यात तीन गेल्या. संध्याकाळी अंडं दिलेली कोंबडी सकाळी पाय ताणून पडलेली. ना हगवण, ना घरघर, फक्त तुरा पांढुरका. तिसरी चिरून बघितली. पोटात मुठीएवढी पिवळी चरबी. काळीज (यकृत) हळदीच्या रंगाचं, बोट लावलं की फुटणारं आणि त्यावर रक्ताची काळी गुठळी.

खाणं म्हणाल तर मक्याचा भरडा, तांदळाची कणी, उरलेला भात, तेही सढळ हाताने. लेयर खाद्य (अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) महाग म्हणून मूठभर. जनावरांचे डॉक्टर फोनवर ‘कोब्बु जास्ती’ म्हणाले. (कन्नडात कोब्बु म्हणजे चरबी, आणि माजही. आपल्यासारखंच.) कणीची चरबी होते? होते तर काळजात का? मका बंद केला तर अंडी थांबतील की काय?

प्रतिसाद १
दादा, कणीचीच झाली. स्टार्चचं आतड्यात ग्लुकोज होतं. कोंबडीच्या रक्तात साखर मुळातच माणसाच्या दुपटीहून जास्त असते, 100 मिलीत 200 ते 250 मिलिग्रॅम. तो आजार नव्हे. खर्चून उरलेल्या ग्लुकोजची चरबी होते. डुकरात ती चरबीच्या थरातच तयार होते, कोंबडीत मात्र जवळपास सगळी काळजात. खाण्यातलं तेलसुद्धा पचलं की आधी काळजाकडेच जातं.

त्यात एका बलकात पाच ग्रॅमच्या आसपास चरबी लागते. अंड्यावर आलेल्या मादीचं इस्ट्रोजेन काळजाला ती करायला लावतं, म्हणून हा रोग कोंबड्यात नाही, कोंबडीत दिसतो. केलेली चरबी बाहेर न्यायला प्रथिनं आणि कोलीन (जीवनसत्त्वासारखा एक घटक) लागतात. मक्यात प्रथिन 8-9 टक्के, लेयर खाद्यात 16-18. तुमच्याकडे माल भरपूर, न्यायला गाडी नाही. काळीज फुगतं, फाटतं, आत रक्तस्राव होतो.

कणी, भात बंद. मका हळूहळू कमी करून लेयर खाद्यावर आणा, एका कोंबडीला दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास, तोलून. उघडीप मिळाली की दुपारी राखणीला उभे राहून मोकळ्या सोडा. कोलीन किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. आणि मेलेली कोंबडी उघड्या हाताने चिरू नका हो! एकदम जास्त मेल्या तर आधी त्यांनाच कळवा.

प्रतिसाद २
मका बघितला का? पावसात बुरशी धरतो. तिचं विषही काळजावरच जातं.

धागाकर्ता
आत्ताच पोतं उपडं केलं. तळाला हिरवट, कुबट वास. एवढं म्हशीला घातलं तर चालेल का?

प्रतिसाद २
अजिबात नको. ते विष दुधात उतरतं. पुरून टाका.