शब्दचर्चा: ‘रेशियल डिसअडव्हान्टेज’ आणि ‘द टॉक’, आजीला मराठीत कसं सांगाल?

टोमॅटोसार:
मंडळी, एक शब्द हवाय, खरं तर दोन. धाकटी बहीण अटलांटाला असते, तिचा नवरा ब्लॅक अमेरिकन, भाचा नऊ वर्षांचा. आई आता सहा महिन्यांसाठी तिकडे चाललीय. बहीण आणि मेहुणा पोराला हल्ली सारखं काय काय सांगत असतात, दुकानात गेलास की हात खिशात घालायचे नाहीत, हुडीची टोपी डोक्यावर घेऊन रस्त्याने पळायचं नाही, खेळण्यातली बंदूक बाहेर न्यायची नाही, पोलिसाने हटकलं तर हात दिसतील असे ठेवायचे वगैरे, आणि हे आईच्या कानावर पडलं की ती म्हणणार एवढ्याशा लेकराला कशाला घाबरवताय. म्हणून जायच्या आधीच तिला नीट सांगायचंय. ‘रेशियल डिसअडव्हान्टेज’ला शब्दकोशातून जुळवून ‘वांशिक प्रतिकूलता’ झालं, ते ऐकवलं तर ती विचारेल हवामान खात्याचं आहे का. आणि ब्लॅक घरांत पोरांना हे जे सांगतात त्याला तिकडे ‘द टॉक’ म्हणतात, त्याचं काय करायचं? ‘बोलणी’ म्हटलं की लग्न तरी ठरतं नाहीतर खायला तरी मिळतात.

खडूफळा:
‘गैरफायदा’ चुकूनही वापरू नका, ते भलतीकडे जातं, गैरफायदा ‘घेतात’. ‘तोटा’ धंद्यातला. ‘गैरसोय’ फार पातळ, गैरसोय म्हणजे हॉटेलात गरम पाणी नव्हतं. ‘वंचित’ चालेल, पण गेली काही वर्षं त्याला पक्षाचा वास लागलाय. ‘मागास’ला माझा सक्त विरोध. मागास म्हटलं की दोष त्या पोरात आहे असं वाटतं, तो मागे राहिला, याला कुणी मागे ठेवलं हे शब्दातून गायब.

कटिंगचाय:
‘वांशिक’ पण आईला लागणार नाही हो. आपल्याकडे वंश म्हटलं की वंशाचा दिवाच डोळ्यांपुढे येतो. वर्णद्वेष, वर्णभेद हे शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांमुळे त्या पिढीला पाठ आहेत, तिथून सुरू करा. ‘वर्ण’ला आपली भानगड आहेच, एकीकडे वर्णव्यवस्था आणि दुसरीकडे स्थळांच्या जाहिरातीतलं ‘वर्ण निमगोरा’, पण निदान कशाबद्दल बोलतोय ते तरी कळेल.

रानजाई:
मी शिकागोजवळ शाळेत सब्स्टिट्यूट टीचर आहे त्यामुळे जरा लांबण लावते. खडूफळा यांचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. मराठीत यासाठी सरळ क्रियापद आहे, डावलणं. डावललं म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणी? आणि इथे तोच प्रश्न पोरांना शिकवायचा असतो. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, ब्लॅक वस्त्या लाल, म्हणजे तिथे घरकर्ज देणं धोक्याचं. घर घेता आलं नाही म्हणून घराची किंमत वाढून पैसा साठला नाही, शाळांना पैसा बऱ्याच अंशी घरपट्टीतून येतो त्यामुळे शाळाही तशीच राहिली. घरांच्या बाबतीत भेदभाव करायचा नाही हा कायदा आला १९६८ मध्ये, म्हणजे आज जे आजी-आजोबा आहेत ते तेव्हा शाळेत नाहीतर कॉलेजात होते, फार जुनी गोष्ट नाही. फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेच्या, २०२२ च्या पाहणीत, सगळी कुटुंबं मालमत्तेप्रमाणे ओळीत उभी केली तर मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाकडे २ लाख ८५ हजार डॉलर, ब्लॅक कुटुंबाकडे ४४ हजार ९००. आता हे ‘मागास’ म्हणायचं का डावललेले?

शाळेचंही तेच. २०११-१२ च्या सरकारी आकड्यांत प्रीस्कूलमध्ये ब्लॅक मुलं १८ टक्के, आणि एकापेक्षा जास्त वेळा सस्पेंड झालेल्यांत ४८ टक्के. प्रीस्कूल हो, चार वर्षांची पोरं! चार वर्षांचं पोर असं काय करतं ते मला अजून कळलेलं नाही.

टोमॅटोसार:
डावलणं! हे आईला शंभर टक्के कळेल, प्रमोशनमध्ये तिला डावललं तो किस्सा आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण पोलिसाच्या बाबतीत ‘डावलणं’ नाही ना बसत? तिथे तर उलट आहे, नको तितकं लक्ष.

खडूफळा:
बरोबर, तिथे ‘संशयाने बघणं’. ‘आधीच ठरवून टाकलेलं असतं’ असं साधं सांगा. २०१४ मध्ये क्लीव्हलँडला तामिर राईस नावाचा बारा वर्षांचा ब्लॅक मुलगा बागेत खेळण्यातली बंदूक घेऊन होता, पोलिसांची गाडी आली आणि काही सेकंदांत गोळी घातली. आईंना विचारा, आपल्या गल्लीत दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल घेऊन किती पोरं फिरतात. तुमच्या मेहुण्याचा तो नियम इथून आलाय, घाबरवायची हौस म्हणून नाही.

पावशेर:
‘द टॉक’ला ‘समज देणे’ कसं वाटतं? ;)

कटिंगचाय:
पावशेर, समज तर पोलीस देतात, ‘समज देऊन सोडण्यात आले’. इथे पोलिसांपासून जपायला आईबाप समज देतायत, उलटा कारभार! पण मला आवडलं. नाहीच पटलं तर ‘बजावून सांगणं’. त्यात काळजी आहे आणि धाकही आहे. ‘कानमंत्र’ नको, तो मुंजीतला.

रानजाई:
बजावून सांगणं चांगलंय. एमेट टिल नावाचा ब्लॅक मुलगा १४ वर्षांचा होता, शिकागोचाच. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीला नातेवाइकांकडे निघाला तेव्हा त्याच्या आईने त्याला असंच बजावलं होतं की तिकडे गोऱ्यांसमोर कसं वागायचं, इथल्यासारखं तिथे चालणार नाही. तरी तो मारला गेला. म्हणजे बजावलं की पोर सुरक्षित असं नाही, हे सगळ्या आयांना माहीत असतं, तरी त्या बजावतात. आणि ही काही फक्त गरीब वस्तीतली गोष्ट नाही, २०१४ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर डी ब्लासिओ, स्वतः गोरे, बायको ब्लॅक, त्यांनी जाहीर सांगितलं की आम्ही आमच्या मुलाला पोलिसांशी वागताना खास काळजी कशी घ्यायची ते शिकवलंय. पोलीस संघटना केवढी भडकली होती. महापौराच्या पोराची ही गत, म्हणून म्हणते की आजीला हे उदाहरण जरूर सांगा, त्यांच्या घराशी जुळणारं आहे.

फक्त एक. सगळं बोलणं ‘बजावण्या’त अडकवू नका. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून जे पत्र लिहिलं त्यात त्यांची सहा वर्षांची मुलगी आहे, टीव्हीवर जाहिरात बघून तिला फनटाऊन नावाच्या करमणुकीच्या बागेत जायचंय आणि तिथे काळ्या मुलांना प्रवेश नाही हे सांगताना बापाची जीभ अडखळते. एवढा मोठा वक्ता, पोरीपुढे त त प प. त्यांना भीती पोलिसाची नव्हती तिथे, पोरीच्या मनात आपण कमी आहोत हे बसेल याची होती. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवरा-बायकोने लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून चांगली कुठली विचारलं होतं तर बहुतेक काळ्या मुलांनी गोरी उचलली. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे.

टोमॅटोसार:
हे वाचून जरा पोटात गोळा आला, कारण आई फोनवर त्याला दर वेळी म्हणते उन्हात खेळू नको रे काळा होशील. प्रेमानेच म्हणते. आम्हालाही म्हणायची.

पावशेर:
आता चेष्टा नाही. हे वाक्य सगळ्यात आधी बंद करायला सांगा. आमच्याकडे मला ‘हबशी’ म्हणायचे लाडाने, तो शब्द मुळात अबिसिनियाच्या लोकांचा, जंजिऱ्याच्या सिद्दींना आपल्याकडे तेच म्हणत आलेत. मलिक अंबर हबशीच होता आणि त्याने मोगलांना किती वर्षं झुंजवलं, पण घरात मात्र तो शब्द रंगावरून चिडवायला. तुमच्या भाच्याला आजीकडून काय ऐकायला मिळतं हाही त्याच विषयाचा भाग झाला ना.

कोकमआगळ:
उशिरा आलो. आमच्या घरात पण असं बजावणं होतं, वेगळ्या कारणाने. हॉस्टेलला जाताना बाबांनी सांगितलेलं, कुणी आडनाव विचारलं, कुठल्या कोट्यातून आलास विचारलं तर आवाज चढवायचा नाही आणि खालीही बघायचं नाही. दोन्ही गोष्टी एक आहेत असं म्हणत नाही, इथे रंगावरून कळतं तिथे नावावरून काढतात, पण फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली आणि १९७२ ला मुंबईत दलित पँथरवाल्यांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं ते उगाच नाही. आईंना कुठून तरी ओळखीचा धागा हवा असेल तर हा आहे. मात्र ‘आपल्याकडे पण असतंच की’ म्हणून विषय मिटवायला वापरू नका, लोक तेच करतात.

कटिंगचाय:
आणि ती प्रसिद्ध म्हण? गोऱ्याच्या दुप्पट राबलास तर त्याच्या निम्मं मिळेल, ही ब्लॅक घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या सांगतात. आजीला ही लगेच आवडेल बघा, आपल्या लोकांना कष्टाचं काही सांगितलं की आवडतं.

रानजाई:
म्हणूनच मला थोडी धास्ती. आजी फक्त ‘दुप्पट’ उचलेल आणि ‘निम्मं’ सोडून देईल. मग गणितात कमी मार्क पडले की अरे तुला तर दुप्पट करायला हवं, आणि डावलणारा पुन्हा बाजूलाच. माझ्या ओळखीतले काही ब्लॅक आईबाप आता ही म्हण मुद्दाम सांगत नाहीत, काही सांगतात, त्यांच्यात यावर चिक्कार वाद आहेत. तो वाद आपण मराठीत बसून सोडवायला नको, बहिणीला विचारा त्यांच्या घरात सांगतात का.

टोमॅटोसार:
विचारलं. मेहुणा सांगत नाही, त्याची आई सांगते. म्हणजे दोन आज्यांची गाठ पडणार आहे तिकडे, मी फक्त शब्द पुरवायचं काम करते. ‘वर्णावरून डावलणं’ आणि ‘बजावून सांगणं’ घेतेय. उन्हाचं आईशी आजच बोलते.