मदत हवी आहे: मुलीला नववीसाठी साताऱ्यात अनुदानित हायस्कूलला घालावं का?

नमस्कार. आम्ही कोरेगाव तालुक्यातले. लेक आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीला आहे, तिथं पुढं वर्ग नाही. यंदा ती एनएमएमएस (कमी उत्पन्नाच्या घरातल्या आठवीच्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती) परीक्षेत शिष्यवृत्तीसाठी निवडली गेली. गुरुजींनी सुट्टीच्या दिवशीसुद्धा बसवून तयारी करून घेतली, त्यांचे उपकार विसरणार नाही. वर्षाला १२,००० रुपये, नववी ते बारावी. पण त्यासाठी शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकावं लागतं. खासगी विनाअनुदानित शाळेत घातलं की शिष्यवृत्ती गेली.

पाहुणे म्हणतात, इंग्रजी शाळेतच घाला. माझं मन मात्र अनुदानित हायस्कूलकडेच आहे. भीती एकच, ती फार अबोल आहे. थोरल्याच्या हायस्कूलमध्ये (नाव घेत नाही) वर्गात खूप मुलं होती, पालकसभेत फक्त टक्के वाचून दाखवायचे. पोरगा गणितात मागं पडलाय हे आम्हाला सहामाहीनंतर कळलं. तसं हिचं होऊ नये.

ज्यांची मुलं साताऱ्यात अनुदानित शाळेत शिकतात किंवा जे स्वतः शिकलेत, त्यांनी सांगा: सेमीला गणित-विज्ञान इंग्रजीतून एकदम नववीत झेपतं का? शिक्षक शंकांना वेळ देतात का? एसटीचा पास मुलींना मोफत आहे, पण संध्याकाळी जादा तास झाल्यावर गाडी मिळते का? मुलींचं मत कळलं तर फारच बरं होईल.