उल्मचे म्युन्स्टर : कॅथेड्रल नसलेले चर्च इतके उंच का?

प्रश्न

नमस्कार. काही वर्षांपूर्वी दक्षिण जर्मनीत, डॅन्यूबकाठच्या उल्म शहरात एक दिवस काढता आला. तेथील म्युन्स्टरचा मनोरा १६१.५३ मीटर उंच आहे आणि ७६८ पायऱ्यांच्या वाटेत जिना वर वर इतका अरुंद होत जातो, की समोरून कोणी उतरत असेल तर भिंतीला पाठ लावून अंग चोरावे लागते. ही वास्तू कॅथेड्रल नसून साधे पॅरिश चर्च, म्हणजे एका वस्तीच्या उपासनेचे प्रॉटेस्टंट चर्च आहे, असे तेथे कळले. एका शहराने आपल्या चर्चसाठी एवढा खटाटोप का केला असावा? शिवाय मधल्या दालनाचे खांब भक्कम असताना बाजूच्या दालनांत सडपातळ गोल खांबांची रांग आहे. ती दुसऱ्याच कोणाच्या हातची वाटते. प्रॉटेस्टंटांना मूर्तींचे वावडे, तर आतले कोरीव लाकडी पुतळे कसे टिकले, हेही समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १

कॅथेड्रल म्हणजे बिशपचे पीठ असलेले चर्च. उल्मला बिशप कधीच नव्हता, म्हणून आकार कितीही मोठा असला तरी ते पॅरिश चर्चच. ‘म्युन्स्टर’ हा शब्द मठ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, आणि गंमत अशी की येथे मठही नव्हता.

उल्मचे जुने चर्च तटबंदीच्या बाहेर होते. १३७६ मध्ये सम्राट चौथ्या कार्लने शहराला वेढा घातला, तेव्हा नागरिकांना आपल्याच चर्चपर्यंत जाता येईना. त्यामुळे तटाच्या आत नवे चर्च बांधायचे ठरले आणि ३० जून १३७७ रोजी पायाभरणी झाली. खर्च राजाने किंवा बिशपने नव्हे, तर गावकऱ्यांनी उचलला. आपल्याकडे वर्गणीतून देऊळ उभे राहते, तसाच हा प्रकार समजावा. शहराची वस्ती दहा हजारांच्या आसपास आणि चर्चमध्ये उभे राहू शकतील अशी माणसे सुमारे वीस हजार, यावरून व्यापारावर गबर झालेल्या या शहराची ऐट लक्षात येते. नोव्हेंबर १५३० मध्ये नागरिकांनी मतदान करून मोठ्या बहुमताने धर्मसुधारणेचा, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचा पक्ष घेतला, आणि त्यामुळे बांधकाम थांबले.

प्रतिसाद २

शेवटच्या वाक्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. काम थांबले ते १५४३ मध्ये, म्हणजे मतदानानंतर तेरा वर्षांनी. धर्मांतराचा त्यात वाटा होताच, पण शहराची आर्थिक ओढगस्त हेही तेवढेच मोठे कारण होते. तेव्हा मनोरा सुमारे शंभर मीटरपर्यंत पोचला होता आणि पुढची तीनशे वर्षे तो तसाच बोडका उभा राहिला.

सडपातळ खांबांविषयी आपले निरीक्षण अचूक आहे. १३९२ पासून काम पाहणाऱ्या उलरिख फॉन एन्सिंगेनने मनोऱ्याची महत्त्वाकांक्षी कल्पना मांडली. त्याच्या पश्चात माथेउस ब्योब्लिंगरने १५१ मीटर उंचीचा आराखडा केला. पण १४९० च्या दशकात उपासना चालू असताना मनोऱ्याच्या घुमटीतून दगड खाली पडले, लोक घाबरून बाहेर पळाले आणि ब्योब्लिंगरला शहर सोडावे लागले. मग आउग्सबुर्गहून बुर्कहार्ड एंगेलबर्गला बोलावण्यात आले. त्याने मनोऱ्याचा खालचा भाग भरून बळकट केला आणि बाजूच्या रुंद दालनांचे छत एकाच झेपेत पेलणे धोक्याचे आहे हे ओळखून प्रत्येक दालनाच्या मधोमध खांबांची रांग उभी केली. त्यामुळे तीन दालनांच्या चर्चला पाच दालने झाली आणि आपल्याला वेगळा वाटलेला हात तो त्याचा. माझ्या मते संपूर्ण वास्तूतील सर्वांत देखणी जागा हीच आहे, आणि ती निव्वळ डागडुजीतून निर्माण झाली.

१८४४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा मधल्या दालनाच्या उंच भिंतींना बाहेरून तिरप्या आधारकमानी देण्यात आल्या. ब्योब्लिंगरच्या आराखड्यापेक्षा दहा मीटर अधिक उंची गाठून आउगुस्ट बायरने ३१ मे १८९० रोजी मनोरा पुरा केला. कोलोनच्या १५७ मीटरच्या कॅथेड्रलवर मात करण्याची ईर्षा त्यामागे होती, असे म्हणतात. जगातील सर्वांत उंच चर्च हा मान ऑक्टोबर २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाकडे गेला.

प्रतिसाद ३

पुतळ्यांविषयी. १५३१ मध्ये येथील अनेक वेदी आणि मूर्ती खरोखरच हटवण्यात आल्या. योर्ग झ्यूर्लिनने १४६९ ते १४७४ या काळात घडवलेली ओकची आसने मात्र राहिली. ती बसण्याची होती, पूजेची नव्हती, एवढा भेद बहुधा पुरेसा ठरला असावा. त्यांच्या टोकांवर संत नाहीत. एका बाजूस प्राचीन ग्रीक-रोमन विद्वान, म्हणजे सिसेरो, सेनेका, टॉलेमी आणि हातात तंतुवाद्य घेतलेला पायथागोरस, तर समोर भविष्य सांगणाऱ्या सिबिला. सेनेकाच्या कपाळावरच्या आठ्या जवळून पाहिल्या, तर हा नुकताच कोणाशी तरी वाद घालून बसला आहे असे वाटते. संदेष्टे आणि प्रेषित त्यांच्या वरच्या ओळींत आहेत.

पुन्हा जाणे झाले, तर बाजूच्या दरवाजांवरील कोरीवकामही पाहावे. तटाबाहेरचे जुने चर्च पाडल्यावर त्याचे दगड टाकून न देता येथे बसवले गेले. त्यामुळे ते दरवाजे ज्या भिंतीत आहेत, त्या भिंतीहूनही वयाने मोठे आहेत.